अल्मट्टीच्या भिंतीआड लपलेली पूररेषा

सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाण्याने चाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडली की वादाचे दोन तयार पक्ष मैदानात उतरतात. एकाचे म्हणणे, हे सारे कृष्णेवरच्या अल्मट्टी धरणामुळे. खाली कर्नाटकाने पाणी अडवले म्हणून वर आम्ही बुडालो. दुसऱ्याचे म्हणणे, हा हवामान बदल आहे. असा पाऊस कोसळल्यावर कोणतेही सरकार काय करणार? पहिला पक्ष सभेत बोलतो, दुसरा मंत्रालयातल्या सादरीकरणात. दोघे एकमेकांना खोडत असले तरी एका गोष्टीवर त्यांचे पूर्ण एकमत आहे: दोष राज्याच्या हद्दीबाहेरचा आहे. एकाचे बोट विजापूरकडे, दुसऱ्याचे आभाळाकडे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनंतरही हा वाद तिथेच अडकून आहे. मधल्या काळात नदीकाठी किती भराव पडले, याची चर्चा मात्र कुठल्याच व्यासपीठावर होत नाही.

हवामान बदलाशी जुळवून घेणे हे मुख्यतः राज्य सरकारचे काम आहे, आणि त्यातला मोठा भाग नव्या प्रकल्पांचा नसून जुन्या नियमांचा आहे. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचे, नदीपासून किती अंतरावर बांधकामाला परवानगी द्यायची, आणि नुकसान झाल्यावर पैसे कशासाठी द्यायचे, हे तीन निर्णय दिल्लीत किंवा जागतिक परिषदेत होत नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती, पाणी, जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे चारही विषय राज्यसूचीत आहेत. हरितगृह वायूंचे उत्सर्जन किती कमी करायचे यावर महाराष्ट्राचा शब्द फार चालणार नाही. पंचगंगेच्या काठी मुरूम टाकून उंच केलेल्या जागेवर मंगल कार्यालय उभे राहील की नाही, यावर मात्र फक्त महाराष्ट्राचाच शब्द चालतो.

अल्मट्टीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे आधी मान्य करू. धरणाची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर आहे आणि २०१० मध्ये कृष्णा पाणीतंटा लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली आहे. सांगलीच्या खाली कृष्णेचा उतार फार कमी आहे. अशा सपाट नदीत खालच्या जलाशयाचा फुगवटा किती मागे येतो, हा प्रश्न आकडेमोडीने सोडवायचा आहे, घोषणांनी नव्हे, आणि उंची वाढवण्याला महाराष्ट्राने घेतलेली हरकत योग्यच आहे. पण राज्यानेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात २०१९ च्या महापुराचे खापर अल्मट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातले अडथळे, पूररेषेतली बांधकामे आणि धरणांचे परिचलन, म्हणजे पाणी साठवण्या-सोडण्याची पद्धत, यांवर तिने बोट ठेवले. तो अहवाल ज्यांना पटत नाही, त्यांनी नकाशा उघडावा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पहिल्या मजल्यापर्यंत बुडाले. वाशिष्ठी पश्चिमेला वाहते. तिच्या खाली अल्मट्टी नाही, अरबी समुद्र आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने सोलापूर-धाराशिवच्या शेतांतली माती खरडून नेली. सीना भीमेला मिळते. तिथेही अल्मट्टीचा संबंध नाही. मग ही गावे कोणामुळे बुडाली?

दुसऱ्या पक्षाचा मुद्दा तर अधिकच खरा आहे. हवा एक अंश तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पडायला लागला की पाऊस जोरात पडतो. अरबी समुद्र तापतो आहे. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते अशी दोन चक्रीवादळे वर्षभराच्या आत कोकणाने अनुभवली. जूनमध्ये ओढ, जुलैच्या शेवटी धो धो, आणि सप्टेंबरमध्ये काढणीला आलेल्या सोयाबीनवर पुन्हा पाऊस, हे वेळापत्रक शेतकऱ्याला आता नवे राहिलेले नाही. हे सगळे खरे. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? पाऊस बदलला असेल, तर जुन्या पावसावर बेतलेले नियम बदलायला हवेत, हाच ना? आपल्याकडे मात्र याच वाक्याचा उपयोग उलटा होतो: पाऊस बदलला, म्हणून नियम पाळूनही उपयोग झाला नसता. जे कारण तातडीने हालचाल करायला भाग पाडते, तेच हातावर हात ठेवून बसण्याचे समर्थन झाले आहे.

आपल्या इतिहासात याचे उत्तर एकदा दिले गेले आहे. १८७६-७८ च्या दुष्काळापर्यंत अवर्षण म्हणजे आस्मानी, आणि आस्मानीपुढे सरकारचा इलाज नाही, अशीच धारणा होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर संहिता आली. कोणती लक्षणे दिसली की दुष्काळ समजायचा, कामे कधी काढायची, मजुरी किती द्यायची, हे कलमांत लिहिले गेले. ती कंजूष होती, साम्राज्याच्या हिशेबाची होती, पण 'पाऊस पडला नाही' या वाक्याने विषय संपवण्याची सोय तिने काढून घेतली. याहून मोठे उदाहरण १९७२ चे. त्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. एवढ्यावर थांबून पुढच्या दुष्काळाची वाट पाहता आली असती. महाराष्ट्राने तसे केले नाही. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिले नाही तर बेकारी भत्ता देणे बंधनकारक झाले. पैशाची सोयही आधीच लावली गेली: १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हमीसाठी दिलेला पैसा. आजही पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते याच कराचे. देशाला असा कायदा करायला २००५ उजाडले. एका राज्य सरकारने लहरी हवामानाशी जुळवून घेण्याचे याहून ठोस उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि त्या वेळी 'हवामान बदल' हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता. योजनेत पुढे गैरव्यवहार झाले, रस्ते कागदावर झाले; ते सांगायलाच हवे. पण हक्क, मुदत आणि स्वतंत्र पैसा ही तिची त्रिसूत्री आजच्या एकाही पूर आराखड्यात नाही.

आता धरणांकडे येऊ, कारण गफलत सर्वांत जास्त इथेच होते. आपली बहुतेक मोठी धरणे सिंचन आणि वीज यांसाठी बांधली गेली. पूर पोटात घेण्यासाठी वेगळा रिकामा कप्पा त्यांत राखलेला नाही. ती कशी भरायची हे जलाशय परिचलन सूची ठरवते: अमुक तारखेला अमुक टक्के, आणि पावसाळा सरताना धरण काठोकाठ. ही टक्केवारी मागच्या अनेक वर्षांच्या आवकेवरून काढलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये आवक हळूहळू होत असे, तोवर ते ठीक होते. चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडू लागला की तीच सूची धरणाला नेमक्या चुकीच्या वेळी भरलेले ठेवते. मग येणारे सगळे पाणी खाली सोडण्याखेरीज इलाज उरत नाही, आणि ते सोडायची वेळ नेमकी खालची नदीही फुगलेली असतानाची असते.

आकडे पाहू. एक लाख क्युसेकचा (सेकंदाला एक लाख घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाहून जाते. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यात फक्त दहा टीएमसी जागा मोकळी असेल, म्हणजे एक दशांशाहूनही कमी, तर लाखाचा लोंढा सुमारे २८ तास पूर्ण अडवता येतो, किंवा ५०,००० क्युसेकने कापून ५५ तास पेलता येतो. सांगलीकराला हा वेळ मिळाला तर जनावरे बाहेर निघतात, दुकानातला माल वर चढतो, आणि वारणेचा लोंढा आधी उतरून जाऊ शकतो. पण ही जागा ऐन वेळी करता येत नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहातून साधारण २,१०० क्युसेक जातात. त्या वेगाने दहा टीएमसी रिकामे करायला जवळपास दोन महिने लागतील. सांडव्याच्या दरवाज्यांचा उपयोग पाणी त्या पातळीला पोहोचल्यावरच. दरवाज्यांतून ३०,००० क्युसेक सोडले तर हेच काम चार दिवसांत होते, पण ते चार दिवस पावसाआधी मिळायला हवेत. म्हणजे निर्णय अंदाजावर घ्यावा लागणार, प्रत्यक्ष पाऊस पाहून नव्हे.

याला असलेला आक्षेप वजनदार आहे आणि तो मुख्यतः दुष्काळी तालुक्यांतून येतो. अंदाजावर विसंबून पाणी सोडले आणि पुढे पाऊसच आला नाही तर? २०२३ मध्ये पावसाने दगा दिला, कोयना भरले नाही आणि त्या पाण्यावरून सातारा-सांगलीत राजकारण पेटले. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांवर द्राक्ष आणि ऊस उभा आहे. तिथल्या शेतकऱ्याला 'पूर नियंत्रणासाठी तुमचे पाणी सोडून दिले' हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणूनच जागा राखण्याचा नियम सरसकट असू शकत नाही. तो सरकता हवा: जुलैअखेर आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जास्त मोकळी जागा, पुढे क्रमाने कमी, आणि तीन ते पाच दिवसांच्या अंदाजात अतिवृष्टी दिसली तरच तात्पुरता अधिक विसर्ग. आणि त्यातूनही तूट पडली, तर ती भरून काढायची जबाबदारी सरकारची, उपसा योजनेच्या वीजबिलात किंवा थेट रकमेत. पूर टळल्याचा फायदा सांगलीच्या बाजारपेठेला आणि तोटा आटपाडीच्या डाळिंबाला, असा हिशेब कुणीच मान्य करणार नाही.

अडचण खरे तर तंत्राची नाहीच. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळी तत्काळ कळवणारी यंत्रणा अनेक वर्षे आहे; २०१९ नंतर दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांमध्ये विसर्गाचे आकडे कळवण्याची पद्धतही सुधारली. अडचण दोषाच्या वाटणीत आहे. पंधरा ऑक्टोबरला धरण नव्वद टक्केच भरले, तर कार्यकारी अभियंत्याला कालवा सल्लागार समितीत उभे केले जाते. धरण शंभर टक्के भरले आणि खाली शहर बुडाले, तर त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतात. ज्याच्या सहीने दरवाजा उघडतो, त्याला एकाच बाजूच्या चुकीची शिक्षा होत असेल, तर तो कोणती चूक टाळेल?

पूररेषेची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे पाणी नव्हे, जमिनीचा भाव मध्ये येतो. महाराष्ट्रात निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट प्रवाहाची. तिच्या आत निषिद्ध क्षेत्र. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन रेषांमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकून घर घेणाऱ्याला वाटते, आपल्या हयातीत तरी काळजी नाही. तसे नाही. २५ वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी चार टक्के शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के होते. शंभर वर्षांच्या पुराचीही १८ टक्के. आणि हे गणित पाऊस बदलला नाही असे धरून. जुन्या नोंदींवर काढलेली रेषा दर दहा वर्षांनी पुन्हा आखली नाही, तर कागदावरचा शंभर वर्षांचा पूर प्रत्यक्षात चाळीस वर्षांचा होऊन बसतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

त्यातही नियमाने एक पळवाट अधिकृत करून ठेवली आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार निळ्या आणि लाल रेषांमधल्या पट्ट्यात बांधकाम करता येते. अट अशी की जोते लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर वर हवे. वरवर पाहता शहाणपणाची अट. प्रत्यक्षात जोते वर कसे जाते? खांबांवर क्वचित. बहुतेकदा मुरूम आणि राडारोडा टाकून आख्खा भूखंड उचलला जातो. एक हेक्टर जागा दोन मीटर उंच केली तर २०,००० घनमीटर पाण्याची जागा गेली. धरणाच्या तुलनेत हा आकडा किरकोळ आहे, हे कबूल. पण नुकसान घनमीटरचे नसते, वाटेचे असते. पुराचे पाणी पात्राबाहेर ज्या सखल पट्ट्यातून पुढे सरकते, तो पट्टा असा टप्प्याटप्प्याने बुजला की मागची पातळी चढते आणि जुन्या, परवानगी घेऊन बांधलेल्या घरांत पाणी शिरते. नियम पाळणारा नवा इमारतवाला कोरडा राहतो, शेजारचा बुडतो. पुणे-बेंगळुरू महामार्गाचा शिरोली भागातला भराव हे याच दोषाचे मोठे रूप. पंचगंगेच्या पूरमैदानात आडवा बांध घालायचा, त्याला चार मोऱ्या ठेवायच्या, आणि २०१९ ला महामार्ग दिवसेंदिवस बंद पडला की पुन्हा उंची वाढवायची. भरावाऐवजी खांबांवरचा पूल मागणारे स्थानिक लोक विकासविरोधी नव्हते. ते जलशास्त्र बोलत होते.

पूररेषा कडक करा म्हटले की विरोध होतो, आणि तो केवळ बिल्डरांचा नसतो. चिपळूणमध्ये निळ्या-लाल रेषा जाहीर झाल्यावर सामान्य घरमालक रस्त्यावर आले. बाजारपेठ पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी आहे. रेषेत आल्यावर घर दुरुस्त करता येईना, बँक कर्ज देईना, विकायला जावे तर गिऱ्हाईक नाही. या माणसाला 'तू पूरक्षेत्रात का राहिलास' असे विचारणे निर्लज्जपणाचे आहे. गाव वसले तेव्हा रेषा नव्हती, नदी होती. आणि स्थलांतर म्हणावे तर करवीर तालुक्यातले चिखली-आंबेवाडी पाहा. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला पर्यायी जागा मिळाली. पूर आला की लोक तिकडे जातात, ओसरला की परत येतात. लोक हटवादी आहेत असे म्हणून मोकळे होता येत नाही. शेत आणि गोठा जुन्या गावाशी असतो; दूध पहाटे काढायचे असते. एका खातेदाराला एक भूखंड मिळतो, तोवर घरात तीन चुली झालेल्या असतात. भूखंडाचे कागद नावावर व्हायला वर्षे जातात, आणि जुन्या घराचे मोल कोणी देत नाही. हे चार अडथळे एकेक करून दूर करता येतात: भूखंड चुलीगणिक, गोठ्यासाठी वेगळी गुंठाभर जागा, मालकीपत्र ताब्यासोबत, आणि जुन्या घराच्या बदल्यात रोख किंवा हस्तांतरणीय विकास हक्क. महाग आहे का? आहे. दर पाच-सात वर्षांनी त्याच घराचा पंचनामा करून सानुग्रह अनुदान वाटण्यापेक्षा महाग आहे का, हा हिशेब मात्र कोणी मांडून दाखवत नाही.

नेदरलँड्सने १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर हा हिशेब मांडला. १९९५ मध्ये अडीच लाखांच्या आसपास माणसे हलवावी लागली होती. बांध आणखी उंच करण्याची शतकांची सवय बाजूला ठेवून त्यांनी तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले, पात्र रुंद केले, नदीला पसरायला जागा दिली. एका ठिकाणी तर शेतकऱ्यांनीच सुचवले की आमची घरे उंचवट्यांवर बांधा आणि शेतात पाणी येऊ द्या. ते श्रीमंत आहेत, आपण नाही, हा आक्षेप अर्धाच खरा. नदीला परत द्यायची जागा आपल्याकडे अजून ऊस आणि चाऱ्याखाली आहे. तिथे वसाहती झाल्या की ती श्रीमंतांनाही परवडणार नाही.

पण आपल्याकडे उत्साह आहे तो पुराचे पाणी बोगद्यांनी आणि कालव्यांनी दुष्काळी भागात नेण्याचा. कल्पना मोहक आहे: एका दगडात दोन पक्षी. गणित मात्र तेवढे मोहक नाही. दहा हजार क्युसेकचा बोगदा दिवसाला ०.८६ टीएमसी नेतो. दोन लाख क्युसेकच्या पुरातून तो पाच टक्के काढेल. सांगलीच्या पातळीत त्याने पडणारा फरक फुटांत नव्हे, इंचांत मोजावा लागेल. वर्षातले चारदोन आठवडे वाहणाऱ्या या पाण्यासाठी एवढी क्षमता बांधायची आणि उरलेले अकरा महिने तिचे व्याज भरायचे. दुष्काळी भागाला पाणी देण्याची योजना म्हणून ती तपासावी, जरूर तपासावी. पूर नियंत्रण म्हणून विकू नये.

ओडिशाचे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धेच. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच राज्याने स्वतःचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभे केले, देशाचा कायदा यायच्या कितीतरी आधी. किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे बांधले, जे एरवी शाळा म्हणून चालतात आणि त्यामुळे गंजत नाहीत. २०१३ च्या फायलिनच्या वेळी आणि २०१९ च्या फनीच्या वेळी लाखो लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यू दहा हजारांवरून दोन आकड्यांत आले. गरीब राज्य, मर्यादित पैसा, तरीही. मात्र वादळात माणसाला दोन दिवस हलवायचे असते. त्याची जमीन, भाव, मालकी यांना हात लागत नाही. म्हणून राजकीय विरोध होत नाही. पूररेषेत नेमके तेच करावे लागते. ओडिशाकडून कवायत शिकता येईल. जमिनीचे राजकारण मात्र कोल्हापूरला स्वतःच सोडवावे लागेल. आणि कवायतीतही आपण मागेच आहोत: २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून गावकरी बुडाले, तेव्हा प्रश्न हवामानाचा नव्हता, गावात पुरेशा बोटी वेळेवर का नव्हत्या हा होता.

मदतीचे निकष हा तिसरा विषय. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. ६० मिलिमीटर तीन दिवस लागोपाठ पडला तर सोयाबीन शेंगेतच उगवते, पण जुन्या निकषाप्रमाणे काहीच घडलेले नसते. सततचा पाऊस ही राज्याची आपत्ती मानायला २०२३ उजाडले. निसर्ग वादळानंतर कोकणात हेक्टरी मदत जाहीर झाली. पाच-दहा गुंठ्यांत नारळ-सुपारी लावणाऱ्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागायतदाराच्या हाती त्यातून काय पडणार? ओरड झाल्यावर झाडागणिक मदतीचा निर्णय घ्यावा लागला. उष्णतेचेही तेच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारच्याच पुरस्कार सोहळ्यात उघड्या मैदानात बसलेल्या १४ जणांचा मृत्यू झाला. पारा चाळिशीच्या आत होता, पण किनारपट्टीच्या दमट हवेत केवळ पारा पाहून चालत नाही. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्येच उष्णता कृती आराखडा केला होता. जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गाडली गेलेली इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती. यादी नसणे हा गुन्हा नाही. दरवर्षी नव्या पावसानंतर ती तपासली न जाणे हा आहे.

आणि पैसा? ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यावर महिनाभर वाद झाला तो हेक्टरी किती आणि कर्जमाफी का नाही यावर. मदत द्यायलाच हवी होती. वाहून गेलेल्या मातीला दुसरा पर्याय नाही. पण पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी, वेगळा काढून दिला होता. त्या वाट्यातून मराठवाड्यातले किती ओढे मोकळे झाले, किती पुलांच्या मोऱ्या रुंद झाल्या, हा प्रश्न विधिमंडळात गाजल्याचे कुणाला आठवते का? नुकसानीच्या चेकवर फोटो निघतो, रुंद केलेल्या मोरीवर निघत नाही.

पर्यावरण विभागाच्या नावाला 'वातावरणीय बदल' जोडला गेला, राज्याचा पहिला कृती आराखडा २०१४ मध्येच तयार झाला. चांगलेच झाले. पण धरणाची सूची जलसंपदा विभागाकडे, पूररेषेतली परवानगी नगरविकासकडे, निकष मदत व पुनर्वसनकडे, आणि महामार्गाचा भराव केंद्राच्या प्राधिकरणाकडे. ज्या विभागाच्या नावात हवामान आहे, त्याच्या टेबलावर यातली एकही फाइल येत नाही. म्हणून मागणी नव्या आराखड्याची नको. कृष्णा खोऱ्यातल्या प्रत्येक मोठ्या धरणाची परिचलन सूची, तारखेनिहाय मोकळ्या जागेसह, मे महिन्यात मराठीत जाहीर करावी आणि ती मोडायचा अधिकार कोणाचा हे त्यावर नावानिशी लिहावे. निळ्या-लाल रेषा दर दहा वर्षांनी नव्या पावसावर आखाव्यात आणि सातबारा व मालमत्ता पत्रकावर त्यांची नोंद करावी, म्हणजे घेणाऱ्याला सही करण्यापूर्वी कळेल. रेषांमधल्या पट्ट्यात जोते खांबांवरच चालेल, भराव नाही, ही दुरुस्ती नियमावलीत एका ओळीची आहे. यातल्या एकाही गोष्टीला कर्नाटकाची परवानगी लागत नाही.